सांठविलेलें धान्य, त्यास लागणारी कीड व खनिज पुडींचा उपाय
दुष्काळनिवारण फंडाच्या आश्रयदात्यांस निवेदन

दुष्काळपीडितांकरितां ज्या उदार व्यापाऱ्यांनीं, जमीनदारांनीं व इतर सद्गृहस्थांनीं आजवर धान्यरूपानें अथवा द्रव्यरूपानें साह्य केलें, व पुढेंही करण्याचें मनांत आणिलें आहे, त्यांच्या सेवेशीं हें निवेदन सादर करीत आहों. वर्गणीचा आंकडा वाढवावा एवढीच विनंति यांत नाहीं. दिलेलें धान्य भुकेल्याच्या मुखीं पडेपर्यंत तें धान्यच राहावें, मध्यंतरीं त्याचा भुसा होऊं नये, यासाठीं काय करतां येतें, हें येथें क्रमानें मांडिलें आहे. दान देणें हें पुण्यकर्म खरें. परंतु दिलेल्या दानाचें रक्षण करणें हें त्याच पुण्याचें दुसरें अंग होय, असें आम्ही समजतों.

१. हा विचार या भागास कां आवश्यक आहे

हें निवेदन जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्यांतील आष्टी व तिच्या आसपासचीं गांवें डोळ्यांपुढें ठेवून लिहिलें आहे. (बीड व वर्धा या जिल्ह्यांतही आष्टी नांवाचीं गांवें आहेत, म्हणून हा खुलासा.) परतूर तालुका पूर्वीं परभणी जिल्ह्यांत होता, १९८१ सालीं जालना जिल्हा नवा झाला, तेव्हां तो त्यांत आला. जमीन काळी, पाऊस बेभरंवशाचा, आणि अन्न म्हणावें तर ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा व मूग. कापूस व सोयाबीन यांचा पेरा वाढल्यापासून घरीं भरून ठेवण्याचें धान्य कमी झालें, व नडीच्या वेळीं बाजाराकडे धांव घेण्याची पाळी अधिक घरांवर येऊं लागली.

दक्षिणेंतील दुष्काळांचा इतिहास वाचकांस परिचित आहे. १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा, हे तीन दुष्काळ आमच्या पणजोबांच्या पिढीनें भोगिले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अद्याप गांवोगांव आहेत. परदेशची तांबडी मिलो ज्वारी व कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्यांस विसरतां आलेली नाहीं. २०१२-१३ सालीं याच जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि २०१५-१६ सालीं मराठवाड्यावर पुन्हां तीच वेळ आली.

यांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती अशी. एक हंगाम बुडाला म्हणजे ओढ पडते. लागोपाठ दुसरा बुडाला म्हणजे दुष्काळ होतो. म्हणून दुष्काळाच्या उपयोगीं पडणारें धान्य तेंच, कीं जें निदान एक पावसाळा व बहुधा दोन पावसाळे सुरक्षित राहील. चैत्रांत पोतें भरून दिलें आणि भाद्रपदांत तें उघडलें तेव्हां निम्मे दाणे पोकळ निघाले, तर देणाऱ्याचें दान गेलें व घेणाऱ्याचा घांसही गेला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बादशाही कोठारें भुकेल्यांस मोकळीं केलीं, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोठाराचें दार उघडण्याचें औदार्य फळास यावें, तर आंतील धान्य आधीं कोणी तरी राखिलेलें असावें लागतें.

२. कीड कशी लागते

ज्यांस आपल्याकडे सोंडे, टोके, पोरकिडे, भुंगेरे अशीं नांवें आहेत, त्या किड्यांच्या जाति अनेक आहेत. परंतु त्यांची रीत सामान्यतः दोन प्रकारची. सोंडा किडा आपल्या सोंडेनें दाण्यास बारीक भोंक पाडतो, मादी त्यांत अंडें घालते व वरून भोंक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आंतच वाढते व आंतील पीठ खाऊन किडा होऊन बाहेर पडते. कडधान्याचा भुंगेरा अंडें दाण्याच्या सालीवर चिकटवितो. अळी तेथून आंत शिरते, आणि शेवटीं वाटोळें भोंक पाडून भुंगेरा बाहेर येतो. दोहोंचाही परिणाम एकच: दाणा वरून धड दिसतो व आंतून रिकामा असतो. सबब पोत्यावर हात फिरवून अथवा वरची मूठ पाहून धान्य चांगलें कीं वाईट, हें ठरवितां येत नाहीं. मूठभर दाणे पाण्यांत टाकावे. पुष्कळ दाणे तरंगले, तर कीड आंत पोंचली असें समजावें.

उष्ण व दमट हवेंत सोंड्याची एक पिढी सुमारें महिना ते पांच आठवडे इतक्या अवधींत पुरी होते. सर्व अनुकूलता मिळाल्यास त्याची संख्या एका महिन्यांत पंचवीसपटीपर्यंत वाढूं शकते, असें कीटकशास्त्रज्ञ मानितात. आतां व्यापारी गृहस्थांनीं स्वतःच हिशेब करावा. मृगाच्या सुमारास कोठींत शंभर किडे असतील, तर महिन्यानें अडीच हजार व दोन महिन्यांनीं साडेबासष्ट हजार. प्रत्यक्षांत इतकी वाढ सर्वत्र होत नाहीं हें खरें. तथापि ज्या कर्जाचें व्याज दरमहा पंचवीसपट चढूं शकतें, तें कर्ज पहिल्याच दिवशीं फेडावें, हें सावकारीच्या धंद्यांतील माणसास वेगळें सांगावयास नको.

बियाण्याची हानि तर याहून मोठी. दाण्याचा कोंब जेथून फुटतो तो भाग खाल्ला गेला कीं दाणा उगवत नाहीं. अन्नाचें धान्य किडलें तर यंदाची भूक राहते. बियाणें किडलें तर पुढच्या वर्षाची भूक आजच पेरली जाते.

३. आपल्या पूर्वजांच्या रीती

या कामीं आपले पूर्वज अडाणी नव्हते. ज्वारीसाठीं जमिनींत पेव खणीत. पेवाचें तोंड बंद झालें म्हणजे आंतील हवेंतला प्राणवायु दाण्यांच्या व किड्यांच्या श्वासानें सरत जाई, व किडे गुदमरून मरत. मात्र ओल शिरल्यास तेंच पेव धान्य कुजवी. घरांत तुराट्यांच्या अथवा बांबूच्या कणग्या शेणामातीनें लिंपून त्यांत धान्य भरीत. वाड्याच्या भिंतींत बळदें असत. कडुनिंबाचा पाला घालीत. आणि बियाण्याच्या कडधान्यास गोवऱ्यांची चाळलेली राख चोळून मडकीं भरून ठेवीत. दक्षिणेकडे तुरीस तांबड्या मातीचा लेप देण्याची चाल आहे.

या शेवटच्या दोन रीतींत जें तत्त्व आहे, तोच या निवेदनाचा मुख्य विषय होय. कोंबडी उकिरड्यावर राखेंत व धुळींत अंग घुसळते, तें पिसांतील उवा जाव्या म्हणून. कोरडी बारीक पूड किड्यास सोसत नाहीं, हें ज्ञान पशुपक्ष्यांसही आहे. तें असें कां, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकांत झाला.

४. पूड किड्यास कशी मारते

किड्याच्या अंगावर मेणाचा अत्यंत पातळ थर असतो. त्याच्या योगानें शरीरांतील पाणी आंत राहतें. किडा आकारानें लहान असल्यामुळें त्याच्या अंगांतील पाण्याच्या मानानें त्याची कातडी फार मोठी असते, व तो मेणाचा थर बिघडल्यास पाणी झपाट्यानें उडून जातें. १९४५ च्या सुमारास इंग्लंडांतील प्रख्यात कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनीं दाखविलें, कीं कठीण कणांच्या पुडींतून किडा चालूं लागला म्हणजे हा थर घासला जातो व किडा सुकूं लागतो. पुढें कॅलिफोर्नियांतील एबेलिंग यांनीं असें दाखविलें, कीं सच्छिद्र पुडी घासण्याहूनही अधिक काम शोषण्यानें करितात. टीपकागद शाई टिपतो त्याप्रमाणें त्या मेण टिपून घेतात. तात्पर्य, किडा विषानें मरत नाहीं, तो तहानेनें मरतो.

यावरून तीन गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. पहिली: पूड कोरडी असेतों तिचा गुण टिकतो, औषधाप्रमाणें तो कांहीं आठवड्यांनीं उडून जात नाहीं. दुसरी: हवा व धान्य दमट असतील तर गुण घटतो, कारण ओल्या हवेंत किडा सुकणार कसा? तिसरी: दाण्याच्या आंत असलेल्या अळीस पूड शिवत नाहीं, किडा बाहेर येऊन हिंडूं लागेल तेव्हांच ती लागूं होते. म्हणून पूड हा लागलेल्या किडीवरचा तात्काळ उपाय नव्हे. ती कीड लागण्यापूर्वीं घालावयाची राखण होय, व तिचें काम दिसूं लागण्यास कांहीं दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात.

५. कोणत्या पुडी, व त्यांची योग्यता

डायाटम माती. डायाटम नांवाच्या सूक्ष्म जलवनस्पतींचीं कवचें सिलिकेचीं, म्हणजे कांचेच्या जातीच्या द्रव्याचीं असतात. त्या मेल्यावर हीं कवचें तळाशीं सांचून लक्षावधि वर्षांत त्यांचे पांढरे, हलके थर बनले. आल्फ्रेड नोबेल यांनीं १८६७ सालीं ज्या मातींत नायट्रोग्लिसरीन जिरवून डायनामाइट केलें, ती हीच. जी शोषणशक्ति तेथें स्फोटक द्रव्य धरून ठेवीत असे, तीच येथें किड्याचें मेण टिपते. धान्यरक्षणाच्या सर्व खनिज पुडींत हिचा अभ्यास अधिक झाला आहे. जातीप्रमाणें प्रमाण बदलतें. साधारणपणें दर टनास १ ते ३½ किलो, म्हणजे क्विंटलास १०० ते ३५० ग्रॅम. ऑस्ट्रेलियांत रिकामीं कोठारें धान्य भरण्यापूर्वीं अशाच पुडीनें शुद्ध करण्याची पद्धत पडली आहे.

चिकणमाती. म्हैसूर येथें १९५० सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत या विषयावर आपल्याच देशांत महत्त्वाचें काम झालें. मजुमदार, नरसिंहन् व सुब्रह्मण्यन् या संशोधकांनीं क्रियाशील केलेला कोळसा व चिकणमात्या यांचा कीटकनाशक गुण १९५९ सालीं ‘नेचर’ या पत्रांत प्रसिद्ध केला. साधी माती व शोषक केलेली माती यांत फरक आहे. शेतांतील काळी माती अथवा रस्त्यावरची धूळ त्या कामीं येत नाहीं, उलट तिच्याबरोबर घाण येते.

राख. गरीब घरास परवडणारी पूड हीच. मात्र तिचें प्रमाण चिमूटभर नव्हे. आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत चवळीवर जे प्रयोग झाले, त्यांत चार मापें चवळीस तीन मापें चाळलेली राख, व वरून राखेचा थर, असें प्रमाण गुणकारी ठरलें. राख दाण्यांमधील सर्व फटी भरून काढते. नवा निघालेला भुंगेरा हलूं शकत नाहीं, जोडीदार शोधूं शकत नाहीं, अंडीं घालूं शकत नाहीं. पायली-दोन पायली बियाण्यास ही रीत उत्तम; गोदामास अर्थातच अशक्य.

झिओलाइट. जालना व छत्रपती संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) यांच्या आसपासच्या काळ्या पाषाणाच्या खाणींत स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे सुंदर स्फटिक निघतात, व संग्राहक ते दूरदूर नेतात. यांपैकीं स्टिल्बाइट हा झिओलाइट वर्गांतील होय. या वर्गांतील कांहीं खनिजांच्या पुडी धान्यरक्षणासाठीं युरोपांत, विशेषतः सर्बियांत, तपासल्या गेल्या व उपयुक्त आढळल्या. यावरून आपल्या खाणींतला दगड कुटून धान्यांत घालावा, असें मात्र कोणीं समजूं नये. एरिओनाइट नांवाचा तंतुमय झिओलाइट श्वासावाटे गेल्यास कर्करोग उत्पन्न करितो. कोणता दगड कोणता, हें प्रयोगशाळाच सांगूं शकते.

चुना व बोरिक पूड. चुना दाहक आहे. बोरिक पूड पुष्कळ घरांत वापरली जाते. परंतु ती पोटांत जाण्याजोगी वस्तु नव्हे. खाण्याच्या धान्यास या दोन्ही आम्ही वर्ज्य मानितों.

६. या उपायाच्या मर्यादा

गुणांबरोबर दोषही सांगणें आमचें कर्तव्य आहे. पूड घातल्यानें दाणे एकमेकांवरून सहज घसरत नाहींत, व त्याच मापांत धान्याचें वजन कमी भरतें. म्हणून बाजारांत फिरत्या विक्रीचें धान्य यासाठीं योग्य नव्हे. आडत्या त्यास भाव कमी देईल. मदतीसाठीं राखावयाचें धान्य, बियाणें व घरचा सांठा, एवढ्यांसाठींच हा उपाय आम्ही सुचवितों.

दुसरें असें, कीं बारीक सिलिकेची धूळ श्वासांत जाणें अपायकारक आहे. पूड मिसळणाऱ्यानें नाकातोंडास पदर अथवा मुखपट्टी बांधावी, व वाऱ्याकडे पाठ करावी. पाणी गाळण्यासाठीं भाजून तयार केलेली डायाटम माती बाजारांत मिळते. तींत स्फटिकमय सिलिका अधिक असते, सबब ती घेऊं नये. धान्यास लावण्याचें औषध विकण्यास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणें नोंदणी लागते. पिशवीवर नोंदणीचा व धान्यासाठीं असल्याचा उल्लेख पाहूनच माल घ्यावा.

तिसरें, पूड उंदीर-घुशींस व बुरशीस आवरीत नाहीं.

कोणी म्हणेल, गोळ्या टाकून धूर केला म्हणजे एका आठवड्यांत काम होतें, मग ही दगदग कशाला? अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायु दाण्याच्या आंतील अळीसही मारतो, हें खरें. परंतु तो माणसासही मारतो. राहत्या घरांत त्या गोळ्या ठेवून झोंपल्यानें माणसें दगावल्याचीं उदाहरणें देशांत घडलीं आहेत, आणि त्या वापरण्याचा अधिकार कायद्यानें तज्ज्ञांपुरता राखून ठेविला आहे. शिवाय वायु निघून गेला कीं राखण संपते. दुसरे दिवशीं नवा किडा आंत येण्यास मोकळा. कित्येक ठिकाणच्या किडींस हा वायु सोसूंही लागला आहे. मोठ्या गोदामांत तज्ज्ञांकरवीं धुरी, व गांवच्या कोठीस पूड, अशी वांटणी आम्हांस योग्य वाटते.

७. प्रत्यक्ष कृति

वेळ. रब्बीची ज्वारी व हरभरा पाडव्याच्या सुमारास खळ्यावरून घरीं येतात. चैत्र-वैशाखांतील आपली हवा इतकी कोरडी असते, कीं तीच या उपायाची अर्धी किंमत चुकती करिते. अक्षय्य तृतीयेपर्यंत धान्य वाळवून, मृग लागण्यापूर्वीं पूड घालून कोठी बंद झालेली असावी.

ओल पाहणें. दाण्यांतील ओल शेंकडा १२ च्या आंत असावी. ओल मोजण्याचें यंत्र नसेल तर कोरड्या बाटलींत धान्य व कोरडें मीठ घालून हलवावें. मीठ कांचेस चिकटल्यास ओल सुमारें १५ च्या वर आहे असें समजावें. मीठ न चिकटल्यासही दाणा दाताखालीं फोडून पाहावा. कट्ट आवाज होऊन तुटला तर ठीक. दबला तर पुन्हां उन्हांत घालावा.

कोठी. जुनें धान्य, केरकचरा व झाडलेली धूळ बाहेर काढून जाळावी. नव्या धान्यावर जुनें ओतूं नये. भिंतींच्या भेगा लिंपून त्यांत व कोपऱ्यांत पूड मारावी. जुनीं पोतीं उकळत्या पाण्यांतून काढून कडक उन्हांत वाळवावीं. पोतीं जमिनीवर न ठेवितां लाकडी फळ्यांवर रचावीं, व भिंतीपासून हातभर अंतर राखावें.

मिसळणें. स्वच्छ ताडपत्रीवर धान्य पसरून, पिशवीवर छापलेल्या प्रमाणानें पूड शिंपडावी व लाकडी फावड्यानें दोन-तीन वेळां खालीं-वर करावें. प्रत्येक दाण्यास फिकट हात लागला म्हणजे पुरे. नंतर पोतीं शिवून त्यांवर तारीख घालावी. जें आधीं भरलें, तें आधीं वांटावें.

वांटतांना. ज्वारी-बाजरी चाळून व पाखडून द्यावी. डाळी व तांदूळ शिजविण्यापूर्वीं नेहमींप्रमाणें धुवावेत. घेणाऱ्यास पुडीची माहिती तोंडीं सांगावी, म्हणजे मातीमिश्रित धान्य दिलें असा गैरसमज होणार नाहीं.

ज्यांचा विश्वास बसत नसेल, त्यांनीं दोन कांचेच्या बरण्यांत सारखे मूग घालावे, एकींत पूड मिसळावी, दोहोंत दहा-दहा जिवंत भुंगेरे सोडून तोंडास कापड बांधावें, आणि दोन महिन्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहावें.

८. विनंति

यावरून आश्रयदात्यांपाशीं आमच्या विनंत्या येणेंप्रमाणें:

(१) धान्य देणें तें वाळवून, चाळून, कीड नाहीं अशी खात्री करून द्यावें. नको झालेलें किडकें पोतें दान म्हणून आल्यास त्यापासून शेजारचीं दहा पोतीं किडतात.

(२) व्यापारीवर्गानें धान्याच्या रकमेबरोबर पुडीचा, पोत्यांचा व फळ्यांचा खर्चही द्यावा. क्विंटलामागें कांहींशे ग्रॅम पुडीची किंमत धान्याच्या किंमतीच्या मानानें थोडी आहे; ती वांचविल्यास मूळ रक्कमच धोक्यांत येते.

(३) जमीनदारांनीं आपल्या वाड्यांतील कोरडीं बळदें व रिकाम्या खोल्या पावसाळ्यापुरत्या मदतीच्या धान्यास द्याव्या, व बियाण्याचे चार-दोन क्विंटल वेगळे राखून गरजू कुळांस पेरणीच्या वेळीं पुरवावे.

(४) ज्यांस द्रव्य अथवा धान्य देणें शक्य नाहीं, त्यांनीं मृगापूर्वीं एक दिवस श्रमदान द्यावें. पोतीं उलथणें व धान्य मिसळणें यांस हातच लागतात.

परभणी येथील कृषि विद्यापीठ १९७२ च्या दुष्काळाच्याच वर्षीं स्थापन झालें. धान्याची ओल तपासणें व योग्य पूड निवडणें यांविषयीं तेथील तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

पाऊस आपल्या हातीं नाहीं. पिकलेलें व मिळालेलें धान्य राखणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. ज्या मुलुखांत दर कांहीं वर्षांनीं आभाळ पाठ फिरवितें, तेथें एक पायली राखणें हें एक पायली पिकविण्याइतकेंच मोलाचें आहे. आश्रयदात्यांनीं या निवेदनाचा सहानुभूतीनें विचार करून यंदाच्या मृगापूर्वींच कार्यास हात घालावा, अशी आमची सविनय प्रार्थना आहे.